उत्स्फूर्त, सहज की अचानक? न ठरवता घडलेल्या गोष्टीसाठी शब्द कसा निवडावा

"काकांचं उत्स्फूर्त निधन झालं, म्हणून दोन दिवस मी येऊ शकणार नाही."

मराठी शिकायला येणाऱ्या एका तरुणाने मला हा निरोप पाठवला होता. व्याकरण बिनचूक, अनुस्वार जागच्या जागी. तो दुःखात होता, त्यामुळे त्या वेळी मी फक्त सांत्वनाचे दोन शब्द लिहिले. पण गाडी कुठे घसरली ते माझ्या लगेच लक्षात आलं. 'आधी न ठरवलेलं' या अर्थाचा शब्द त्याने कोशात शोधला होता, समोर 'उत्स्फूर्त' आला आणि त्याने तो उचलला. काकांचं जाणं काही कुणी ठरवलेलं नव्हतं. विचार बरोबर होता, तरी वाक्य वाचताना अंगावर काटा आला.

हा घोटाळा फक्त नव्याने मराठी शिकणाऱ्यांचा होतो असं समजू नका. लहानपणापासून मराठी बोलणारी माणसंही लिहायला बसली की इथे अडखळतात. न ठरवता घडलेल्या गोष्टीसाठी आपल्याकडे डझनभर शब्द आहेत आणि प्रत्येकाची नजर वेगळीकडे असते. 'ऐनवेळी' घड्याळाकडे बघतो. 'तडकाफडकी' माणसाच्या पाऱ्याकडे बघतो. 'सहज' हेतूबद्दल बोलतो. 'उत्स्फूर्त' हा शब्द मात्र गोष्ट उगवली कुठून, एवढंच सांगतो. ती आतून उगवली असेल तरच त्याला तिथे काम आहे. हे एकदा मनात बसलं की बाकीच्या पायऱ्या चढायला फारसा त्रास होत नाही.

पायरी १: शब्द फोडून बघा

उत्स्फूर्त हा तत्सम शब्द आहे. त्यात 'उद्' हा उपसर्ग आणि 'स्फुर्' हा धातू आहे. उद् म्हणजे वर, बाहेर. पुढे कठोर व्यंजन आलं की या उद्‌मधला द् बदलून त् होतो, म्हणून उत्साह, उत्सव, उत्पन्न आणि उत्स्फूर्त. पुढे मृदू व्यंजन असेल तर द् तसाच राहतो: उद्गार, उद्भव.

स्फुर् म्हणजे थरथरणं, लकाकणं, एकदम प्रकट होणं. हा धातू आपल्या रोजच्या बोलण्यात चांगला रुळलेला आहे. कविता स्फुरते, वीराचे बाहू स्फुरू लागतात, कुणाकडून तरी आपण स्फूर्ती घेतो. शेतकरी खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश असं वाचतो, त्यातला स्फुरदही याच कुळातला. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. पांढरा फॉस्फरस अंधारात मंद चमकतो आणि उघड्या हवेत काडी न लावता पेट घेतो, म्हणून तो पाण्याखाली ठेवतात. उत्स्फूर्त हा शब्द शिकवताना मला या पांढऱ्या फॉस्फरसइतका चांगला दाखला दुसरा सापडलेला नाही. बाहेरून ठिणगी लागत नाही. ज्वाळा पदार्थाच्या स्वतःच्या गुणातून उठते.

तेव्हा उत्स्फूर्त म्हणजे आत जे होतं ते कुणी न सांगता, तयारी न करता, उसळून वर आलं. 'न ठरवलेलं' हा त्या अर्थाचा एक भाग झाला. तेवढ्यालाच धरून चालणारा माणूस 'उत्स्फूर्त निधन' लिहून बसतो.

पायरी २: लिहिताना आणि उच्चारताना

इथे दोन चुका फार होतात.

पहिली, त् गाळणं. 'उस्फूर्त' असा शब्द नाही. बोलताना त् आणि स् एकमेकांत मिसळतात, कानाला त् लागत नाही, आणि मग हातही तो सोडून देतो. तीन तुकडे करून दहा वेळा मोठ्याने म्हणा: उत्, स्फूर्, त. जीभ वळली की हातही वळतो.

दुसरी, ऱ्हस्व-दीर्घाची. उत्स्फूर्त, स्फूर्ती यांत स्फू दीर्घ. स्फुरण, स्फुरणे, स्फुरद यांत स्फु ऱ्हस्व. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे: पुढच्या अक्षरावर रफार असेल तर दीर्घ, र मोकळा असेल तर ऱ्हस्व. ही खूण याच कुळापुरती ठेवा, सगळ्या मराठीला लावू नका. आणखी एक खाचखळगा स्फूर्तीच्या शेवटी आहे. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे तत्सम शब्दाचा शेवटचा इकार दीर्घ लिहायचा, म्हणून 'स्फूर्ती'. पण तोच शब्द समासात पहिला आला की मुळाप्रमाणे ऱ्हस्व: स्फूर्तिदायक, स्फूर्तिस्थान.

रूपं चालवणं सोपं आहे. विशेषण म्हणून ते बदलत नाही: उत्स्फूर्त दाद, उत्स्फूर्त भाषण, उत्स्फूर्त घोषणा. क्रियेला लावायचं तर उत्स्फूर्तपणे. नाम उत्स्फूर्तता. 'उत्स्फूर्ततेने' हे रूप व्याकरणात बसतं, पण वाचताना जिभेला ठेच लागते. मी ते खोडून 'उत्स्फूर्तपणे' करते.

पायरी ३: वापरण्याआधी तीन प्रश्न विचारा

करणारा सजीव, मन असलेला आहे का? पाऊस, अपघात, भूकंप, यंत्रातला बिघाड यांना मन नाही, म्हणजे तिथे उत्स्फूर्त बाद. पाऊस अचानक येतो. यंत्र एकाएकी बंद पडतं.

क्रिया मनातून उसळली का? चटका बसला आणि हात मागे आला, तर ती प्रतिक्षिप्त क्रिया. तिथे शरीराने काम केलं, मनाला विचारलंसुद्धा नाही. गायकाने समेवर येताना असं काही केलं की सभागृहातून 'वाहवा' उठली, तर ती दाद उत्स्फूर्त.

आधी तयारी किंवा बाहेरून सूचना नव्हती ना? हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विसरला जातो. सूचनाफलकावर तुम्हीही वाचलं असेल: 'सर्वांनी उत्स्फूर्तपणे सहभागी व्हावे.' तारीख ठरलेली, वेळ ठरलेली, गणवेशसुद्धा ठरलेला, आणि वर उत्स्फूर्त होण्याची विनंती. सांगून जे होतं ते उत्स्फूर्त राहत नाही. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की जबरदस्ती नाही, स्वतःच्या मनाने या. त्यासाठी आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे: स्वयंस्फूर्तीने.

या दोघांतला फरक नवख्याने पाठच करावा. स्वयंस्फूर्त म्हणजे कुणी भाग पाडलं नाही. महिनाभर आधी ठरवून, वहीत टिपून, रजा काढून तुम्ही रक्तदानाला गेलात तरी ते स्वयंस्फूर्तीने केलेलं रक्तदान. उत्स्फूर्त मात्र त्या क्षणी जन्मलेलं हवं. अपघात झाल्याचं कळताच दवाखान्याबाहेर लोकांची रांग लागली, तर ते उत्स्फूर्तपणे पुढे आले. स्वयंस्फूर्तीचंच थोडं कोरडं, कागदावरचं भावंड म्हणजे स्वेच्छेने. नोकरीतून लवकर बाहेर पडणं ही स्वेच्छानिवृत्ती असते. तिथे अर्ज, मुदत, मंजुरी सगळं असतं. आणि कुणी तक्रार न करता न्यायालयाने एखादा विषय हाती घेतला तर बातमीत 'न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली' असंच यायला हवं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. उत्स्फूर्त या शब्दाला चांगुलपणाचा वास आहे. दाद, टाळ्या, उद्गार, मदत, काव्य, प्रतिसाद, फार तर निषेध आणि बंद, इतक्यांशी त्याचं जमतं. रागाच्या भरात कुणी कुणावर हात उगारला तर आपण 'उत्स्फूर्त मारहाण' म्हणत नाही. कायदाही ठरवून केलेल्या आणि न ठरवता घडलेल्या कृत्यात फरक करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मधला चौथा अपवाद, अचानक झालेल्या भांडणात, पूर्वविचार नसताना, रागाच्या भरात झालेल्या मनुष्यवधाबद्दलच आहे. तिथेही मराठीत लिहिताना 'अचानक', 'पूर्वविचार न करता', 'रागाच्या भरात' हेच शब्द येतात. बातमी लिहिणाऱ्यांनी हे जपायला हवं. मोडतोडीला उत्स्फूर्त म्हटलं की नकळत तिची तरफदारी होते.

पायरी ४: शेजारच्या शब्दांची ओळख करून घ्या

अचानक हा बघणाऱ्याचा शब्द आहे. करणाऱ्याने सहा महिने योजना आखलेली असू शकते. मला ठाऊक नव्हतं म्हणून माझ्यासाठी ते अचानक. एकाएकी, एकदम हे त्याचे बोलीतले सोबती.

अकस्मात हा जरा भारदस्त. संस्कृतात 'कस्मात्' म्हणजे कशामुळे. त्याला नकाराचा अ लागला. कशामुळे ते सांगता येत नाही, असं त्याच्या पोटात आहे. मराठीत तो पाय न मोडता, 'अकस्मात' असा लिहायचा. त्याचं विशेषण आकस्मिक. निधनाच्या बातमीत हेच विशेषण येतं, आणि माझ्या विद्यार्थ्याला तेच हवं होतं. सरकारी अर्थसंकल्पातला 'आकस्मिकता निधी'ही याच घरातला: ज्याची तरतूद करता आली नव्हती अशा खर्चासाठी राखलेला पैसा.

ऐनवेळी आणि आयत्या वेळी या दोघांना वेळ गाठण्याची चिंता असते. काहीतरी ठरलेलं होतं आणि अगदी शेवटच्या क्षणी त्यात बदल झाला किंवा भर पडली. ऐनवेळीमध्ये बहुधा तक्रार असते: ऐनवेळी पाठ फिरवली, ऐनवेळी कच खाल्ली. आयत्या वेळीमध्ये धावपळ जास्त असते, राग कमी.

तडकाफडकी म्हणजे मागचा-पुढचा विचार न करता, बहुतेक वेळा डोकं तापलेलं असताना. तडकाफडकी राजीनामा, तडकाफडकी बदली. प्रेमाने कुणी तडकाफडकी काही केल्याचं मी ऐकलेलं नाही.

अनायासे म्हणजे आयास न पडता, कष्ट न घेता, जुळून आलं म्हणून: 'अनायासे भेटलाच आहात, तर सहीही करून द्या.' आपसूक त्याच्या जवळचा, पण तिथे माणसाचा हात जवळजवळ नसतोच: 'तू बोलणं थांबवलंस की भांडण आपसूक मिटेल.'

चुकून घडलेल्या गोष्टींचं खातं वेगळं आहे. लक्ष नव्हतं म्हणून झालं ते अनवधानाने. पत्रिकेत नाव राहून गेलं की आपण असंच लिहितो. जाणीव नव्हती तर नकळत. मनात तसं काही नव्हतं, तरी घडलं, तर अभावितपणे. हा शेवटचा शब्द आता छापील मराठीतच उरला आहे, पण फार देखणा आहे. वापरा.

पायरी ५: 'सहज'पाशी थोडं थांबा

रोजच्या बोलण्यात न ठरवलेल्या गोष्टीचा खरा शब्द 'सहज' हा आहे, आणि नव्या माणसाला सगळ्यात जास्त चकवतोही तोच.

दारावरची घंटा वाजते. घरातला माणूस दार उघडतो.

"अरे, तू? अचानक?"

"काही नाही, सहज. इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं."

येणं एकच आहे. दारातल्या यजमानाला ते 'अचानक' वाटलं, कारण त्याला कल्पना नव्हती. पाहुणा म्हणतो 'सहज', कारण त्याच्या मनात काही काम नव्हतं, मागणं नव्हतं. दोघांनी आपापल्या बाजूने एकाच गोष्टीला नाव दिलं. हे शब्द अदलाबदल करून बघा. यजमान "सहज?" म्हणाला तर ती पाहुण्याच्या हेतूची चौकशी होते, पाहुणा "अचानक आलो" म्हणाला तर घरी काही घडलंय की काय, अशी शंका येते. आणि पाहुणा "मी उत्स्फूर्तपणे आलो" म्हणाला तर यजमान क्षणभर गप्पच होईल. बोलीत हा शब्द चालत नाही. तो छापील, भाषणातला, बातमीतला शब्द आहे, आणि तिथेच शोभतो.

सहजची फोड सह + ज, म्हणजे सोबत जन्मलेलं. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात 'सहजं कर्म' येतं, ते याच जुन्या अर्थाने: जन्माबरोबर आलेलं, स्वभावाचं कर्म. स्वभावाचं असेल ते जोर न लावता होतं, म्हणून सहज म्हणजे सोपेपणाने. आणि जोर लावला नाही म्हणजे खास हेतूही नव्हता, म्हणून सहज म्हणजे उगाच, मुद्दाम नव्हे. आज हे तीनही अर्थ एकाच वेळी चालू आहेत:

तिचा अभिनय अगदी सहज आहे. (स्वाभाविक)
हे काम दोन तासांत सहज होईल. (सोपेपणाने)
सहज फोन केला. (हेतू न ठेवता)

ओळखायचं कसं? पुढे होणं, जमणं, मिळणं, शक्य असणं आलं की सोपेपणाचा अर्थ. येणं, विचारणं, बघणं, फोन करणं आलं की हेतू नसण्याचा. हेतू नसण्याच्या अर्थात बहुतेक वेळा 'च' किंवा 'म्हणून' जोडीला येतं: सहजच आले, सहज म्हणून विचारलं.

'सहजासहजी' मात्र नकाराशिवाय क्वचितच येतो. 'अशी संधी सहजासहजी मिळत नाही' हे वाक्य धावतं. 'अशी संधी सहजासहजी मिळते' हे लंगडतं. 'साहजिक' हा सहजचाच मुलगा, पण त्याचा न ठरवण्याशी संबंध उरलेला नाही. 'साहजिकच तो रागावला' म्हणजे त्याचं रागावणं अपेक्षितच होतं. आणि 'सहजीवन' या कुटुंबातला नाहीच. ते सह + जीवन.

आता एक बारीक, व्यवहारातली गोष्ट. "सहज विचारतेय, तुमच्याकडे महिनाभर राहायला एखादी खोली असेल का हो?" हे मुळीच सहज नाही, आणि बोलणारी, ऐकणारी दोघींनाही ते ठाऊक असतं. तरी हा शब्द तिथे असणं मला फार मोलाचं वाटतं. त्यामुळे समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते. 'सहज' म्हटलंय, म्हणजे नाही म्हटलं तरी कुणाचा मान जात नाही. मराठी शिकणाऱ्याने हे कान देऊन ऐकावं. वाक्याच्या सुरुवातीला सहज आला की बहुधा पुढे काहीतरी अडचणीचं येणार असतं. उत्तर तितक्याच मऊपणाने द्यावं.

पायरी ६: क्रियापदाकडून काम करून घ्या

मला सगळ्यात आवडणारी पायरी ही. मराठीत पुष्कळदा न ठरवल्याचा शब्द लागतच नाही. ते काम क्रियापद करतं. नव्याने लिहिणारे 'अचानक', 'उत्स्फूर्तपणे' पेरत सुटतात, आणि लेखन भाषांतर केल्यासारखं वाटू लागतं, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

मुख्य क्रियापदाला जोडून येणारी तीन छोटी क्रियापदं बघा.

मी बोलून गेलो. मी बोलून टाकलं. मी बोलून बसलो.

तिन्ही वेळा बोलणंच झालं. 'बोलून गेलो' म्हणजे शब्द निसटले, थांबवायला सवड मिळाली नाही. 'बोलून टाकलं' म्हणजे मनात साठलं होतं, ओझं झालं होतं, ते उतरवलं. इथे इच्छा आहे, फक्त मुहूर्त ठरलेला नव्हता. 'बोलून बसलो' म्हणजे झालं ते झालं आणि आता निस्तरायचं आहे. एवढा फरक दाखवायला एकही क्रियाविशेषण लागलं नाही. आता 'हो म्हणून टाकलं' आणि 'हो म्हणून बसलो' शेजारी ठेवा. पहिला माणूस सुटलेला आहे, दुसरा अडकलेला.

दुसरी युक्ती, कर्त्याला बाजूला सारण्याची. मी हसलो, यात मी हसण्याचा मालक आहे. मला हसू आलं, यात हसू स्वतःच्या पायांनी आलं. मला हसू फुटलं, यात ते दाबूनही राहिलं नाही. तसंच मला रडू कोसळलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मला राहवलं नाही. 'राहवलं नाही' हा तर माझ्या मते उत्स्फूर्त या शब्दाचा घरगुती, मऊ सुती अवतार आहे. 'मी उत्स्फूर्तपणे मदतीला धावले' यापेक्षा 'मला राहवलं नाही, धावले' यात माणूस दिसतो. जमावाबद्दल लिहायचं असेल तर 'लोक पेटून उठले' आहेच.

चूक कबूल करताना आणखी एक वळण येतं: माझ्याकडून बोललं गेलं. जबाबदारी झटकलेली नाही, पण ठरवून केलं नव्हतं हेही सांगितलं. माफी मागताना हे वळण जपून वापरा. एकदा वापरलं तर प्रामाणिक वाटतं, दर वाक्याला आलं तर पळवाट वाटते.

तिसरी युक्ती, दुहेरी रूपं. बोलता बोलता विषय निघाला. बसल्या बसल्या एक चित्र काढलं. जाता जाता सांगून गेला. मूळ काम दुसरंच होतं आणि त्याच्या ओघात हे घडलं, असं त्यातून कळतं. फक्त 'बघता बघता' या रांगेत बसवू नका. त्याचा अर्थ फार लवकर, डोळ्यांदेखत असा आहे; बघता बघता मूल मोठं होतं, त्यात न ठरवण्याचा प्रश्न नाही.

पायरी ७: ज्या त्या मंडळींचा शब्द

ज्यांचं रोजचं काम न ठरवलेल्या गोष्टींशी पडतं त्यांनी आपापले शब्द घडवलेले आहेत. त्यांच्यात बसायचं तर तेच वापरावेत.

सभेच्या विषयपत्रिकेत शेवटचं कलम पाहा: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.' तिथे 'उत्स्फूर्त विषय' लिहिणारा चिटणीस मी अजून पाहिलेला नाही.

रंगभूमीवर नटाने संहितेत नसलेलं वाक्य घातलं तर त्याने 'ॲडिशन घेतली' म्हणतात, किंवा 'पदरचं घातलं'. तमाशाच्या वगात तर परंपरेने कथेचा सांगाडा तेवढा ठरलेला असे आणि संवाद फडावर उभे राहत. सोंगाड्याचं सगळं नाव त्याच्या हजरजबाबीपणावर. हजरजबाबी हा गुण माणसाचा आहे, हेही टिपून ठेवा. माणूस हजरजबाबी, त्याचं उत्तर उत्स्फूर्त. तत्क्षणी कविता रचणारा शीघ्रकवी.

गाण्यातला शब्द सगळ्यात सुंदर आहे: उपज. रागाची चौकट पक्की असते, बंदिश पाठ असते, आणि तरी त्या मैफिलीत, त्या क्षणी गायकाला जे नवं सुचतं ती त्याची उपज. शेतातल्या पिकासारखा शब्द आहे हा. वर्षानुवर्षं केलेला रियाज ही नांगरट, आणि तान उगवते ती मात्र त्या घटकेला. तयारी आणि उत्स्फूर्तता यांचं भांडण नाही, हे ज्याला समजावून सांगायचं असेल त्याला मी उपज हा शब्द देते. वक्तृत्वाच्या उत्स्फूर्त भाषण स्पर्धेतही असंच असतं. विषय चिठ्ठी उघडल्यावर कळतो, पण बोलणाऱ्याचं वाचन कित्येक वर्षांचं असतं.

आता हात चालवा

पुढच्या वाक्यांतली मोकळी जागा आधी स्वतः भरा, मग खालचं वाचा.

१. मुख्य पाहुण्यांनी _____ येण्याचं रद्द केलं.
२. तिचं गाणं संपताच प्रेक्षकांनी _____ उभं राहून टाळ्या वाजवल्या.
३. साहेबांनी भर बैठकीत त्याला _____ कामावरून काढलं.
४. नाव _____ राहून गेलं असल्यास क्षमस्व.
५. पुस्तक शोधत होतो, तेव्हा _____ तुझं जुनं पत्र हाती लागलं.

पहिल्यात ऐनवेळी, कारण ठरलेलं मोडलं आणि तक्रारही आहे. दुसऱ्यात उत्स्फूर्तपणे, तिन्ही प्रश्नांना उत्तर 'हो' येतं. तिसऱ्यात तडकाफडकी. चौथ्यात अनवधानाने. पाचव्यात अचानकही चालेल, अनायासेही. पत्र सापडल्याचं आश्चर्य सांगायचं असेल तर अचानक. न शोधता मिळालं याचा आनंद सांगायचा असेल तर अनायासे. लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते वाचणाऱ्याला या एका शब्दावरून कळतं.

रोजच्या सरावासाठी एकच काम सांगते. दिवसभरात तुमच्या हातून न ठरवता घडलेली एक गोष्ट रात्री एका वाक्यात लिहा, आणि तेच वाक्य पुन्हा एकदा एकही क्रियाविशेषण न घालता लिहा. माझा तो विद्यार्थी परत आल्यावर आम्ही याच वाक्यापासून सुरुवात केली. त्याने स्वतःच मागितलं होतं तसं. बराच वेळ वहीकडे बघत बसला, दोनदा खोडलं, मग वही माझ्याकडे सरकवली. लिहिलं होतं:

"काकांचं आकस्मिक निधन झालं. फोन आला आणि मला राहवलं नाही, होतो तसा निघालो."